केमोच्या दिवसांत केस्तूड आलं, तर घरी थांबायचं की रुग्णालय गाठायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आई ५४ वर्षांच्या. डाव्या स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. आता दर तीन आठवड्यांनी लाल केमो (लाल रंगाच्या औषधाची) सुरू आहे. तिसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी उजव्या मांडीवर एक केस्तूड आलं. हरभऱ्याच्या डाळीएवढं, पू नाही, सूजही बेताचीच. गावातल्या डॉक्टरांनी मलम दिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे हुडहुडी भरली, ताप १०१.६. तुम्ही ९० किलोमीटरवरच्या रुग्णालयात नेलं, तिथे लगेच ॲडमिट करून सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू केलं. घरी आल्यापासून भावकीत एकच चर्चा आहे की एवढ्याशा पुळीसाठी ॲडमिट करून पैसे उकळले. तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: खरंच गरज होती का, पुन्हा असं काही दिसलं तर घरी कधी थांबायचं, आणि ऑपरेशनच्या बाजूचा हात कसा जपायचा.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. हो, गरज होती, आणि तुम्ही पहाटेच निघालात हे फार योग्य केलंत. मी फिजिशियन आहे, कर्करोगाच्या रुग्णांमधले जंतुसंसर्ग हेच माझं रोजचं काम. आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे औषधांची नावं किंवा डोस सांगणार नाही. पण कोणत्या गोष्टीवरून काय ठरवायचं, ते मात्र नीट सांगतो. कारण तुमची खरी अडचण केस्तुडाची नाहीच. आपण सगळे जखम किती मोठी, किती लाल, किती पिकलेली यावरून आजार किती गंभीर ते ठरवतो. एरवी तो अंदाज बरोबर ठरतो. केमोच्या ठरावीक दिवसांत तोच अंदाज जिवावर बेततो.

पू म्हणजे काय, ते आधी पाहू. जंतू कातडीच्या आत शिरले की रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे धाव घेतात, जंतूंना गिळतात आणि मरतात. त्या मेलेल्या पेशींचा आणि विरघळलेल्या मांसाचा लगदा म्हणजे पू. सूज, लाली, ठणका यांतलाही बराच भाग या पेशींच्या धावपळीतून येतो. म्हणजे गळू टरारून फुगतं, पिकतं, ते शरीर लढतंय म्हणून. आता केमोचं औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतं. त्यात कर्करोगाच्या पेशी येतात, केसांची मुळं येतात आणि हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या या न्यूट्रोफिलही येतात. न्यूट्रोफिलचं आयुष्य थोडं, त्यामुळे नव्यांचा पुरवठा थांबला की काही दिवसांतच रक्तात त्यांची वानवा होते. अशा वेळी जंतू शिरले तर लढायला कोणी नसतं. मग पू कुठून होणार? लाली तरी कुठून येणार? मांडीवर दिसते ती डाळीएवढी पुळी, आणि जंतू मात्र रक्तात पोचलेले असू शकतात. आईंच्या केस्तुडात पू नव्हता याचा भावकीने जो अर्थ लावला, नेमका त्याच्या उलट अर्थ मी लावला असता.

हे काही आजचं ज्ञान नाही. १९६६ साली जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ल्युकेमियाच्या म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या नोंदी तपासून दाखवलं की न्यूट्रोफिलची संख्या जितकी खाली जाते आणि जितके दिवस खाली राहते, तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढत जातो. आजही आम्ही त्याच पायावर निर्णय घेतो.

तुम्ही रक्ताच्या रिपोर्टमधले आकडे दिले आहेत, तेच घेऊन हिशोब करून दाखवतो, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हालाही जमेल. एकूण पांढऱ्या पेशी १,४००, आणि त्यांत न्यूट्रोफिल १८ टक्के. १,४०० चे १८ टक्के म्हणजे २५२. हा आकडा खरा महत्त्वाचा. निरोगी माणसात तो साधारण दीड-दोन हजारांच्या वर असतो. १,००० च्या खाली गेला की आम्ही सावध होतो, ५०० च्या खाली म्हणजे धोक्याची पातळी. आईंचा २५२ होता आणि अंगात ताप होता. या दोन गोष्टी एकत्र आल्या की कर्करोगाच्या उपचारातली ती तातडीची अवस्था मानली जाते, मग मांडीवर पुळी असो वा नसो. लोक पुष्कळदा एकूण पांढऱ्या पेशींचाच आकडा बघून निश्चिंत होतात. एकूण ३,००० दिसतात आणि न्यूट्रोफिल फक्त १० टक्के असतात. म्हणजे हाती उरले ३००.

पण रात्री दोन वाजता गावात रक्ताचा रिपोर्ट कुठून मिळणार? म्हणून घरी दोनच गोष्टी धरून चालायचं: तारीख आणि थर्मामीटर.

तारीख अशी. बहुतेक केमोंनंतर या पेशी साधारण सातव्या दिवसापासून घसरतात, दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास सगळ्यांत खाली असतात आणि तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस पुन्हा वर येतात. म्हणूनच तर पुढचा डोस २१व्या दिवशी ठेवलेला असतो. आईंना पुळी आली दहाव्या दिवशी. हीच पुळी विसाव्या दिवशी, ताप नसताना आली असती, तर मी कदाचित फोनवरच सांगितलं असतं की स्वच्छ ठेवा, उद्या रक्त तपासा आणि दाखवायला या. पुळी तीच, पण दिवस बदलला की निर्णय बदलतो. भिंतीवरच्या कालनिर्णयवर केमोच्या तारखेला गोल करा आणि सातव्या ते चौदाव्या दिवसाखाली लाल पेनाने रेघ मारून ठेवा. घरातल्या सगळ्यांना, अगदी शाळकरी नातवंडांनाही, त्या रेघेचा अर्थ सांगा. त्या दिवसांत आईंच्या अंगावर नवं काहीही उमटलं तर ते ‘बघू उद्या’च्या खात्यात टाकायचं नाही.

थर्मामीटरचं असं की तोंडात धरून एकदा जरी १०१ भरला, किंवा १००.४ चा ताप तासभर टिकला, तर निघायचं. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा कमी भरतो, साधारण अर्धा ते एक डिग्री, त्यामुळे काखेत ९९.८ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. तोंड आलेलं असेल आणि काखेतच लावावं लागलं, तर हा फरक लक्षात ठेवा. गुदद्वारात थर्मामीटर लावायचा नाही, एनिमा द्यायचा नाही. तिथली नाजूक त्वचा खरचटली तर आतड्यातल्या जंतूंना आयती वाट मिळते.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक नातेवाइकाला दोनदा सांगतो: ताप मोजल्याशिवाय तापाची गोळी द्यायची नाही. अंग कसकसतंय म्हणून सकाळ-संध्याकाळ पॅरासिटामॉल दिली की ताप दबतो, जंतू नाही दबत. केमोच्या आगेमागे उलटी होऊ नये म्हणून जे स्टेरॉइड देतात तेही ताप झाकतं. त्यामुळे ताप नाही पण हुडहुडी भरते, माणूस मलूल होतो, बोलताना अडखळतो, धाप लागते, लघवी कमी होते, हातपाय गार पडतात, असं काही दिसलं तर थर्मामीटर काहीही सांगो, गाडी काढा. वयस्कर माणसांत तर ताप न येताच संसर्ग बळावलेला मी पुष्कळदा पाहतो.

आता यात काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगायला हवं. सगळे कर्करोग आणि सगळ्या केमो सारख्या नसतात. ल्युकेमियाच्या उपचारात पेशी आठवडेच्या आठवडे शून्याजवळ राहतात, तिथे कातडीवरचा प्रत्येक ठिपका आम्ही गांभीर्याने घेतो. स्तनाच्या कर्करोगाच्या केमोत हा उतार काही दिवसांचाच असतो. काही रुग्णांचा ताप कमी धोक्याचा असतो. रक्तदाब उत्तम, खाणंपिणं चालू, दुसरा मोठा आजार नाही, घर रुग्णालयाजवळ आणि सोबत जबाबदार माणूस, अशांना तपासून, काही तास नजरेखाली ठेवून गोळ्यांवर घरी पाठवतातही. आईंच्या बाबतीत तसं का केलं नाही? तुम्ही लिहिलंय की त्यांना मधुमेह आहे, आणि स्टेरॉइडमुळे साखर २८० वर गेली होती. पहाटे हुडहुडी भरलेली, घर ९० किलोमीटरवर. मीही त्यांना ठेवूनच घेतलं असतं.

तिथे पोचल्यावर झालेली धावपळ तुम्हाला जरा अतीच वाटली असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून रक्त काढलं ते कल्चरसाठी. रक्तात जंतू आहे का आणि तो कोणत्या औषधाला दबतो ते त्यातून कळतं. अँटिबायोटिक दिल्यानंतर हे रक्त काढलं तर जंतू दिसण्याची शक्यता घटते, म्हणून आधी कल्चर आणि लगोलग इंजेक्शन. दारातून आत आल्यापासून तासाभरात पहिला डोस गेला पाहिजे असा जगभरचा दंडक आहे. रिपोर्टची वाट पाहत बसायचं नसतं. आणि ‘साध्या पुळीला एवढं भारी औषध’ देण्याचं कारण असं की कातडीवरचे नेहमीचे जंतू म्हणजे स्टॅफिलोकोकस आणि स्ट्रेप्टोकोकस. निरोगी माणसाच्या केस्तुडात बहुधा स्टॅफिलोकोकसच असतो. पण न्यूट्रोफिल नसलेल्या माणसात आतड्यातले आणि ओलसर जागी राहणारे जंतूही कातडीत उतरतात, आणि आपल्याकडच्या रुग्णालयांत त्यांचं प्रमाण बरंच आहे. सुरुवातीलाच दोन्ही गट झाकणारं औषध द्यावं लागतं. कल्चरमधून नेमका जंतू कळला, ताप उतरला, पेशी वर आल्या की औषध हलकं करता येतं.

या दुसऱ्या गटातला स्यूडोमोनास नावाचा जंतू मुद्दाम सांगतो, कारण त्याची एक खूण घरीही ओळखता येते. सुरुवातीला लालसर, दुखरा डाग. मग त्याच्या मधोमध जांभळट फोड येतो, आणि बघता बघता, कधी बारा ते चोवीस तासांत, मध्यभाग काळा पडतो. भोवती लाल कडं, मधे सिगारेटने चटका दिल्यासारखी काळी खपली. त्या जागी जंतूंनी बारीक रक्तवाहिन्या बंद पाडलेल्या असतात आणि मांस मरत असतं. हा डाग काखेत, जांघेत, नितंबांवर किंवा गुदद्वाराजवळ जास्त दिसतो. केमोच्या उतारात असा काळा डाग दिसला तर ताप असो नसो, त्याच क्षणी निघायचं.

आणि इथेच आपल्याकडची एक मोठी अडचण समोर येते: संकोच. जांघेत, स्तनाखाली, गुदद्वाराजवळ दुखतंय हे आई मुलाला सांगत नाही, सासरे सुनेला सांगत नाहीत, डॉक्टर पुरुष असले तर बाई त्यांनाही सांगत नाही. मूळव्याध असेल म्हणून दिवस काढतात. वॉर्डात ताप का उतरत नाही हे कोडं सुटत नाही, आणि आमच्या सिस्टर पडदा ओढून, हळुवारपणे बोलतं करून तपासतात तेव्हा गुदद्वाराच्या कडेला कडक, विलक्षण दुखरी, जेमतेम लालसर जागा सापडते. पू नसतोच. शौचाला बसताना प्राण कंठाशी येतात, एवढीच काय ती खूण. तुम्ही मुलगा आहात. त्या आठ दिवसांत अंघोळीच्या वेळी काखा, स्तनांखालची घडी, जांघा, नितंब आणि पायांच्या बोटांमधल्या बेचक्या नजरेखालून घालायचं काम बहिणीवर किंवा पत्नीवर सोपवा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका.

आणखी एक गोष्ट नातेवाइकांना नेहमी चक्रावून टाकते. तुमच्या आईंच्या बाबतीतही ती घडली: ताप उतरल्यावर, चौथ्या दिवशी, मांडीवरची जागा अचानक जास्त सुजली, लाल झाली आणि त्यात पू धरला. तुम्हाला वाटलं औषध लागू पडत नाहीये. वास्तविक त्या सुमारास पेशी वर आल्या होत्या, तुमच्याच कागदावर त्या दिवशीचा न्यूट्रोफिलचा आकडा १,९०० आहे. लढणारे आले म्हणून लढाई दिसू लागली. ताप नसेल, माणूस ताजातवाना दिसत असेल, तर ही सूज बहुधा चांगली खूण असते. बहुधा म्हणतोय, कारण जागा वाढतच चालली, काळवंडली किंवा ताप परत आला, तर सोनोग्राफी करून आत खोलवर काही साठलंय का ते बघावंच लागतं. पू धरल्यावर सर्जननी छोटा छेद देऊन निचरा केला, तेही योग्य वेळी. पेशी शून्याजवळ असताना छेद दिला असता तर हाती पू लागला नसता आणि उघडी जखम तेवढी वाढून बसली असती.

यातूनच तुमच्या ‘फोडायचं का’ या प्रश्नाचं उत्तर मिळतं. घरी फोडायचं नाही. सुईने नाही, बाभळीच्या काट्याने नाही, दाबून तर अजिबात नाही. प्लेटलेटही कमी असतील तर रक्त थांबत नाही, आणि दाबल्याने जंतू आत ढकलले जातात. हळद-तुपाचा लेप, पोटीस, कांदा भाजून बांधणं, यांवर गावाकडे लोकांची श्रद्धा आहे आणि त्यामागे माया आहे हे मला कळतं. पण केमोच्या दिवसांत कातडी नाजूक झालेली असते, गरम पोटिसाने भाजते, आणि लेपाखाली काय बदलतंय ते दिसत नाही. मेडिकलमधून मिळणारी ती ‘सगळ्यावर चालणारी’ मलमं, ज्यांत स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र कालवलेलं असतं, तीही नकोत. स्टेरॉइडने लाली तेवढी विरते आणि आत संसर्ग चालूच राहतो. मागच्या खेपेच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या देऊन रुग्णालयात आणणं तर सर्वांत वाईट, कारण मग कल्चरमध्ये काही उगवत नाही आणि आम्ही अंधारात चाचपडतो. साबण आणि स्वच्छ पाण्याने धुवा, मऊ कापडाने टिपून कोरडं करा, स्वच्छ गॉज ठेवा आणि फोन करा. एवढं पुरे.

बॉलपेनने लालीच्या कडेने रेघ मारून शेजारी वेळ लिहा. आम्ही वॉर्डात हेच करतो. चार-सहा तासांत लाली रेघेबाहेर गेली की वाद उरत नाही. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, ती जागा नुसती काळपट-जांभळट दिसते. अशा वेळी डोळ्यांऐवजी हाताने बघा: तळहाताची मागची बाजू आधी दुसऱ्या मांडीवर आणि मग या मांडीवर ठेवून उष्णतेतला फरक बघा. कातडी ताणून चकाकते आहे का, संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली आहे का, तेही पाहा. खिडकीच्या उजेडात, त्याच अंतरावरून फोटो काढून ठेवा.

आता डाव्या हाताकडे वळू. या हाताचा धोका वेगळ्या जातीचा आहे, आणि तो केमो संपल्यावरही संपत नाही. म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

काखेतल्या गाठी म्हणजे हातातून येणारा लसिका नावाचा द्रव गाळून पुढे पाठवणारी ठाणी. ती काढली, त्यावर शेक म्हणजे रेडिएशन दिलं, की निचरा अडतो. तुम्ही ऊस करता, तेव्हा हे तुम्हाला वेगळं सांगायला नको: चारी बुजली की पाणी वावरातच मुरत राहतं. हाताचं तेच होतं. हात जड वाटतो, अंगठी घट्ट होते, ब्लाउजची बाही रुतते. ज्यांच्या काखेतल्या गाठी पूर्णपणे काढल्या आहेत अशा साधारण पाचातल्या एका स्त्रीला कधी ना कधी ही सूज येते. फक्त पहिल्या एक-दोन पहारेकरी गाठी तपासण्यापुरत्या काढल्या असतील, तर हे प्रमाण विसात एकीच्या आसपास राहतं. डिस्चार्ज कार्डावर नेमक्या किती गाठी काढल्या ते लिहिलेलं असतं, ते बघून ठेवा.

अशा हातात साचलेला प्रथिनयुक्त द्रव म्हणजे जंतूंना मेजवानी, आणि त्यांच्यावर चालून जाणाऱ्या पेशींची वाट बंद. स्ट्रेप्टोकोकसला एक ओरखडा पुरतो. संसर्गाचा हा झटका केस्तुडासारखा येत नाही. सकाळी हात बरा असतो, दुपारी एकाएकी थंडी वाजून ताप येतो, फ्लू आल्यासारखं अंग मोडून येतं, आणि संध्याकाळपर्यंत हात तापून लाल, ठणकणारा. कधी ताप आधी येतो आणि लाली मागाहून. गावाकडचे जुने लोक याला धावरे म्हणतात. हे घरी बघत बसण्याचं दुखणं नव्हे, त्याच दिवशी डॉक्टर आणि त्याच दिवशी अँटिबायोटिक. केमोच्या उतारात आलं तर थेट रुग्णालय. केमो संपून पेशी भक्कम झाल्यावर आलं, तर पुष्कळांचं गोळ्यांवर भागतं. मात्र उलट्या होत असतील, ताप चढत असेल किंवा दोन दिवसांत उतार पडला नाही, तर तेव्हाही इंजेक्शनच लागतं. सुजेसाठी हातावर दाब देणारा बाहीसारखा मोजा घालत असतील, तर झटका चालू असताना तो काढून ठेवायचा, हात उशीवर उंच ठेवायचा, मालिश थांबवायची. दुखणं सोसवेल इतकं उतरलं की मोजा पुन्हा चालू.

प्रत्येक झटक्यात उरलेल्या बारीक लसिकावाहिन्या आणखी खराब होतात, त्याने सूज वाढते, आणि वाढलेली सूज पुढच्या झटक्याला निमंत्रण देते. म्हणून वर्षात दोन-तीन झटके आले तर प्रत्येक वेळी फक्त तेवढ्यापुरते उपचार करून थांबू नका. रोज कमी मात्रेत पेनिसिलिन देऊन झटके रोखता येतात का, हे ब्रिटनमध्ये पायाच्या वारंवार होणाऱ्या सेल्युलायटिसवर, म्हणजे कातडीच्या अशाच पसरणाऱ्या संसर्गावर, तपासलं गेलं आणि २०१३ साली प्रसिद्ध झालं. वर्षभर गोळी घेणाऱ्यांत झटके स्पष्टपणे कमी झाले, गोळी थांबवल्यावर तो फायदा ओसरला. २०२० साली ऑस्ट्रेलियातून आलेल्या अभ्यासात दिसलं की पायाच्या सुजेवर नुसते दाबाचे पट्टे-मोजे नेमाने वापरल्यानेही झटके निम्म्याहून खाली येतात. दोन्ही अभ्यास पायांवरचे आहेत, हातावर ते जसेच्या तसे लागू होतील असं मी म्हणत नाही. पण माझ्या रुग्णांमध्ये मी सूज उतरवण्याला पहिला मान देतो आणि गोळीला दुसरा. लिम्फेडिमाचं, म्हणजे लसिका साचून येणाऱ्या या सुजेचं, प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडे एकदा नेऊन मोजा मापाने बनवून घ्या. बाजारातला तयार, सैल किंवा काचणारा मोजा उपयोगाचा नाही.

घरातली काळजी सांगायची तर मी बायकांचे हात बघून सांगतो. मनगटात घट्ट बसवलेल्या काचेच्या बांगड्या ऑपरेशनच्या हातात नकोत. त्या काचतात, आणि पिचल्या की बारीक कच रुतते. पाडव्याला, संक्रांतीला चुडा भरायचा असेल तर उजव्या हातात भरा. विळीवर चिरताना, खोवणीवर नारळ खवताना डावा हात पुढे असतो, त्यामुळे ते काम सध्या दुसऱ्याकडे द्या. भांड्यांना तारेची घासणी वापरायची असेल तर रबरी हातमोजा घाला. उसाच्या पाचटात पूर्ण बाहीचा सदरा आणि हातमोजे असल्याशिवाय जाऊ नका, ते पातं ब्लेडसारखं कापतं आणि कापलेलं कळतही नाही. काखेतले केस ब्लेडने काढू नका, कात्रीने बारीक करा किंवा तसेच राहू द्या. नखांच्या कडेची सालपटं ओढू नका, नखुरडं तिथूनच होतं. अंघोळीनंतर कातडी जरा ओलसर असतानाच साधं व्हॅसलिन किंवा खोबरेल चोळा. कोरडी, भेगाळलेली कातडी म्हणजे उघडं दार. त्या हातावर रक्तदाब मोजल्याने किंवा एखादी सुई टोचल्याने सूज येतेच, असं अलीकडच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. तरी उजवा हात मोकळा असताना डावा कशाला वापरायचा, एवढाच माझा विचार. पण उजव्या हाताला शीर सापडत नाही म्हणून तातडीचं औषध अडवून धरू नका.

पायांकडेही बघा. मधुमेह आहे, त्यात पावसाळ्यात बोटांमध्ये चिखल्या होतात, टाचांना भेगा पडतात. जंतू तिथूनच वर चढतात. बोटांच्या बेचक्या रोज कोरड्या करा, चिखल्यांवर बुरशीचं औषध डॉक्टरांना विचारून लावा, आणि अंगणात, देवळात, रानात कुठेही अनवाणी चालू नका.

उपचारांच्या काळात अंगावर आलेली प्रत्येक लाली जंतूंचीच असते असंही नाही. शेक दिलेल्या जागेची कातडी आपोआप लाल होते. केमोची शीर फुटून औषध बाहेर झिरपलं तर जळजळ आणि फोड येतात, ते लगेच कळवायचं. पट्ट्यासारखे, अंगाच्या एकाच बाजूला, आग होणारे फोड नागिणीचे असतात आणि तिचं औषध वेगळं. हातात पीक लाइन, म्हणजे केमोसाठी शिरेत ठेवलेली लांब नळी, असेल आणि तोच हात सुजला तर शिरेत रक्ताची गुठळीही असू शकते. पुढे कधी स्तनावर किंवा छातीवर लाली आली आणि अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स होऊनही गेली नाही, तर दुसरं, तिसरं अँटिबायोटिक देत बसू नये, छोटा तुकडा काढून तपासावा. कर्करोग कातडीत उतरला तरी तो कधीकधी हुबेहूब सेल्युलायटिससारखा दिसतो.

भावकीला काय सांगायचं, तर पुळीचा आकार सांगू नका, २५२ हा आकडा सांगा. आणि खर्चाची काळजी रास्तच आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेखाली उपचार चालू असतील तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आजच भेटून विचारा, की मध्येच ताप येऊन ॲडमिट व्हावं लागलं तर काय बसतं, कोणते कागद लागतात. रात्री-अपरात्री हे विचारायची वेळ येऊ देऊ नका.

चौथ्या केमोआधी आईंच्या डॉक्टरांना मांडी प्रत्यक्ष दाखवा. छेदाची जखम भरली नसेल तर ते डोस काही दिवस पुढे ढकलतील, त्याने घाबरून जाऊ नका. तिसऱ्या केमोनंतर ताप येऊन गेलाय, त्यामुळे या वेळी केमोनंतर पेशी वाढवणारं इंजेक्शन द्यायचं का, हे स्वतःहून विचारा. ते केमोच्या दुसऱ्या दिवसापासून, चोवीस तास उलटल्यावर देतात. त्याने उताराचे दिवस कमी होतात, पण धोका पूर्ण जात नाही, म्हणून कालनिर्णयवरची लाल रेघ तरीही मारायचीच. साखर आधीच आटोक्यात आणून ठेवा. रुग्णालयाचा रात्री उचलला जाणारा नंबर फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या आणि एकदा लावून बघा. गावातल्या डॉक्टरांनाही त्या फाइलची झेरॉक्स नेऊन द्या, कारण रात्री पहिली हाक तुम्ही त्यांनाच मारणार आहात, आणि आई केमोच्या कितव्या दिवशी आहेत हे त्यांना कळलं तर तेही मलम न देता गाडीच बोलावतील.